मंडळाची किल्ली

"ताई, घरात सासूबाईंवर ओरडते आणि तासाभरानं चर्चमध्ये बायकांपुढं उभी राहून जपमाळेची प्रार्थना सांगते. मी ढोंगी आहे का?"

वसईत समुपदेशन करताना हा प्रश्न मला कितीतरी जणींकडून ऐकू येतो. ही चाळिशीची, महिला मंडळाची अध्यक्ष. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) पहाटे साडेतीनला मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, लोकलनं दादरचा फुलबाजार गाठायचा, परतल्यावर सासूबाईंचं जेवण आणि इन्सुलिन, संध्याकाळी मंडळ. झोप ४ तास. छातीत धडधड.

धडधडीसाठी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. अशा बाईला नुसतं 'टेन्शन घेऊ नको' म्हणणं अन्यायाचं आहे.

२०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक (मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक (वेदीपाशी फादरांना मदत करणारे) ही पदं स्त्रियांसाठी अधिकृतपणे खुली केली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण चर्चमधली जबाबदारी वाढली म्हणून घरातलं एकही काम कमी होत नाही.

मंडळाची कामं तिला लिहायला सांगितली. हॉलची किल्ली, वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी, सणाच्या जेवणाचा हिशेब. प्रत्येकापुढं तिचंच नाव.

"दुसरं कुणी?"

"नीट करत नाहीत."

गाठ इथं होती. मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढला. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतोय हे पाहून सासरा इथ्रो म्हणतो, हे बरं नाही, तू थकून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ती बराच वेळ गप्प होती. "हे वाचन ऐकलंय," म्हणाली, "स्वतःसाठी कधी नाही."

फादरांशी बोलून तिनं सभा रविवारच्या मिस्सेनंतर घेतली. बायकांची सभा ऐन स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये, हे मी प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) सांगते. किल्ली आणि हिशेबवही नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका मुलीकडं गेली. पहिल्याच महिन्यात २०० रुपयांचा फरक आला. रात्री हिचा फोन: "वही परत घेऊ?"

"चूक तिलाच शोधू द्या."

दोन दिवस लागले, पण शोधली तिनं.

परवा निघताना ती दारात थांबली. "पुढच्या वेळी तिलाही आणू का? आत्ताच, थकायच्या आधी."