जॉर्ज हॅलस कोण होते? शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या संदर्भात त्यांचं नाव एवढ्या आदराने का घेतात?

थोडक्यात सांगायचं तर, एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग ज्यांनी उभी केली त्यांच्यातलं हे सर्वात मोठं नाव. जन्म १८९५, शिकागो. १९२० साली इलिनॉयमधल्या डेकेटर गावच्या एका स्टार्च कंपनीने आपला संघ चालवायला त्यांना नोकरीवर ठेवलं. त्याच सप्टेंबरमध्ये ओहायोतल्या कँटन गावी एका मोटारींच्या शोरूममध्ये लीगची स्थापना झाली, त्या बैठकीला ते हजर होते. खुर्च्या पुरेनात म्हणून काहीजण गाड्यांच्या फूटबोर्डवर बसले होते!

पुढच्याच वर्षी मालकाने संघ त्यांच्या हवाली केला आणि वर ५,००० डॉलर दिले. अट एकच, आणखी एक हंगाम कंपनीचं नाव ठेवायचं. १९२२ पासून तोच संघ बेअर्स. सुरुवातीला हॅलस स्वतः खेळायचे, प्रशिक्षण द्यायचे आणि संघाचा व्यवहारही बघायचे.

माझ्या मते त्यांची खरी करामत १९४० ची. वॉशिंग्टनकडून ७-३ असे हरल्यावर तीनच आठवड्यांत अंतिम सामन्यात त्याच संघाला त्यांनी ७३-० ने धुतलं. टी-फॉर्मेशनची, म्हणजे चढाई करताना खेळाडूंना इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकारात उभं करण्याच्या त्यांच्या रचनेची, ताकद त्या दिवशी सगळ्यांना कळली.

एक गोष्ट मात्र झाकू नये. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि हॅलस तेव्हा वजनदार मालक होते.

प्रशिक्षक म्हणून ४० हंगाम, ६ विजेतेपदं. १९८३ मध्ये निधन होईपर्यंत संघ त्यांच्याकडेच होता. नंतर मुलगी व्हर्जिनिया मॅकॅस्की यांच्याकडे गेला.