'निवडून आले' : सूप, राजहंस आणि बर्नचं सभागृह

विचारणा अशी आहे: 'स्वित्झर्लंडच्या सरकारात एकाच वेळी चार पक्षांचे मंत्री असतात आणि त्यांना संसद ठरवते. अशा सरकारला मराठीत आघाडी सरकार म्हणावं की युती सरकार? आणि हे मंत्री निवडले जातात, नेमले जातात की निवडून येतात? बातम्यांत तिन्ही वाचायला मिळतं.'

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो: दोन्ही म्हणू नये. आघाडी म्हणजे पुढची फळी. शब्द 'अग्र'च्या कुळातला आणि लष्करी बाण्याचा. आघाडी असली की समोर कुणीतरी असावं लागतं. युतीचंही तेच, दोघं-तिघं एकत्र येतात ते उरलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठी. (जाता जाता: युतीतला 'यु' धातू धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'मिश्रणे अमिश्रणे च' असा दिला आहे. एकत्र करणं आणि वेगळं करणं, दोन्ही अर्थ एकाच धातूचे.) स्विस संसद जिथं भरते त्या बर्नमध्ये मोठे पक्ष सगळेच आत असतात. 1959 पासून जागावाटपाचं एक अलिखित सूत्र चालत आलं आहे, त्याला तिथं 'जादुई सूत्र' म्हणतात. दोन, दोन, दोन आणि एक अशा सात जागा. सूत्र तेच राहिलं, कोणत्या पक्षाला दोन आणि कोणत्या पक्षाला एक हे मात्र बदललं. निवडणुकीआधीचा करार नाही, समान किमान कार्यक्रम नाही, पंतप्रधानही नाही. सातही जण समान दर्जाचे. म्हणून 'संघीय मंडळ' म्हणा, मंडळात बरोबरीची माणसं बसतात. कुणी 'सप्तप्रधान' सुचवतात, मला ते पटत नाही. अष्टप्रधान छत्रपतींनी नेमलेले होते. इथं नेमणारा कुणी नाही.

आता खरा प्रश्न, आणि यावर मला बरंच बोलायचं आहे. दर डिसेंबरात वाचतो: 'स्वित्झर्लंडच्या नव्या राष्ट्राध्यक्षांची नियुक्ती.' दर चार वर्षांनी वाचतो: 'संसदेने सात मंत्री नेमले.' नेमणं ही वरून खाली येणारी गोष्ट आहे. ज्याच्या हाती अधिकार तो नेमतो, आणि नेमणाऱ्याला काढताही येतं. स्विस संसदेला तसं काढता येत नाही. तिथं अविश्वास ठराव नाही. एकदा निवडून दिलं की चार वर्षं तो माणूस पदावर, मग त्यानं मांडलेली विधेयकं एकामागून एक पडली तरी. तेव्हा 'नेमले' हा शब्द या बातमीतून जायलाच हवा.

उरतं 'निवडणे'. इतकी वर्षं हा शब्द वापरून आपण त्याच्या पोटात काय आहे ते विसरलो आहोत. निवडणं म्हणजे पसंत करणं, असा अर्थ आज सगळे सांगतात. हा अर्थ नंतरचा आहे. मुळात निवडणं म्हणजे वेगळं होणं.

पुरावा बाराव्या शतकातला आहे. हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात नियम दिला आहे की 'पृथक् होणे' किंवा 'स्पष्ट होणे' या अर्थी 'भू' धातूच्या जागी 'णिव्वड' येतो. 'णिव्वडइ' म्हणजे वेगळा होतो, उठून दिसतो. यात पसंतीचा वासही नाही. पुढं आपल्याकडं ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात पाण्यात मिसळून एक झालेलं दूध राजहंस 'निवडून' वेगळं करतो. राजहंस दूध पसंत करत नाही, तो एकजीव झालेल्या दोन गोष्टी सोडवतो. याच धातूचा 'निवाडा'. जुन्या कागदांतलं निवाडपत्र म्हणजे खरं-खोटं वेगळं करून दिलेला कागद. न्यायाधीशानं एका पक्षकाराला पसंत केलं, असं आपण म्हणत नाही. निवाडा झाला, म्हणतो.

माझे एक संस्कृतप्रेमी स्नेही इथं हटकून वाद घालतात. त्यांच्या मते हा 'वृ' धातू आहे, वर, वरणे, स्वयंवर यांचा. 'मृत'चं जसं 'मडं' झालं तसं 'वृत'चं 'वड' झालं, त्याला 'नि' लागला, संपलं. ध्वनींचा हिशेब जमतो, हे मी मान्य करतो. पण व्युत्पत्ती नुसत्या ध्वनींवर चालत नाही. 'वृ'पासून शब्द आला असता तर सगळ्यात जुन्या वापरात वरण्याचा, मागण्याचा अर्थ दिसायला हवा होता. दिसतो तो वेगळेपणाचा. शिवाय हेमचंद्रासारख्या व्याकरणकाराला 'वृ' माहीत नव्हता की काय? त्यानं हा शब्द 'वृ'खाली न ठेवता 'भू'खाली ठेवला. स्नेह्यांना मी हे तीनदा सांगितलं. ते तरी ऐकत नाहीत.

आणखी एक पुरावा रोजच्या बोलण्यात आहे आणि तो मला सगळ्यांत प्रिय आहे. 'तो जेवून आला' यात जेवणारा आणि येणारा एकच. 'ती पोहून आली' यातही तेच. मग 'तो निवडून आला' यात निवडणारा कोण? मतदार म्हणाल, तर आला तो उमेदवार. वाक्य मोडायला हवं, पण मोडत नाही. कारण या जोडीत 'निवडणे' अजून जुनंच आहे, अकर्मक, 'णिव्वडइ'सारखं. तो गर्दीतून वेगळा झाला आणि पुढं आला. 'जुळून आलं', 'घडून आलं', 'आभाळ भरून आलं' यांच्या पंगतीत ते बसतं. स्नेही म्हणतात, 'बातमी छापून येते, तिथं छापणं सकर्मकच आहे ना?' आहे. पण मराठी वर्तमानपत्रं सुरू झाली 1832 मध्ये 'दर्पण'पासून. तोवर 'अमुक होऊन आलं' हा साचा तयार होता, छापणं त्यात जाऊन बसलं. मग ते 'सांगून आलेलं स्थळ' काढतात. तिथं तर सांगणारी माणसं स्थळाकडचीच असतात!

आता बर्नला जाऊ. तिथली पद्धत बघितली की 'निवडणे' हा शब्द जणू तिच्यासाठीच घडला असं वाटतं.

दोन सभागृहं एकत्र बसतात, राष्ट्रीय परिषदेचे 200 आणि कॅन्टनांच्या, म्हणजे तिथल्या राज्यांच्या, परिषदेचे 46, मिळून 246. लोकांनी ऑक्टोबरात संसद निवडली की डिसेंबरात ही बैठक होते. सातही जागांसाठी एकदम मतदान होत नाही. एकेक जागा घेतात. पुन्हा इच्छुक असलेल्या जुन्या सदस्यांच्या जागा आधी, त्यांतही ज्याची सेवा जास्त त्याची पहिली. मतदान गुप्त, चिठ्ठीवर नाव लिहून. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरच माणूस निवडून येतो, नाहीतर पुढची फेरी. कोऱ्या आणि बाद चिठ्ठ्या हिशेबात धरत नाहीत.

पहिल्या दोन फेऱ्यांत कुणाचंही नाव लिहिता येतं. खासदार असायची अट नाही, राष्ट्रीय परिषदेवर निवडून यायला पात्र असा कोणताही नागरिक चालतो. दुसऱ्या फेरीपासून दहापेक्षा कमी मतं मिळालेली नावं गळतात. तिसऱ्या फेरीपासून नवं नाव घालता येत नाही, आणि दर फेरीत सगळ्यांत कमी मतं मिळालेला एक जण बाहेर होतो. तळाला दोघांची मतं सारखी असली तर कुणी बाहेर होत नाही, पुन्हा फेरी. असं एकाला बहुमत मिळेपर्यंत.

हे वाचताना मला माझी आजी दिसते. ओसरीवर बसून ती आधी सुपात तांदूळ पाखडायची. कोंडा, फोलपटं, हलकं ते सगळं दोन-चार झटक्यांत उडून जायचं. मग परातीत तांदूळ पसरून उजेडाकडं तोंड करायची आणि एका बोटानं दाणे सारत सारत एकेक खडा बाहेर काढायची. पाखडणं झटपट, निवडणं सावकाश. दहा मतांची अट म्हणजे सूप, आणि तिसऱ्या फेरीपासून ते परातीतलं बोट. आजी चांगला दाणा शोधत नव्हती. जे राहू नये ते ती काढत होती, उरलेलं आपोआप निवडलेलं. म्हणून तर आपण 'तांदूळ निवडले' म्हणतो आणि 'खडे निवडले'ही म्हणतो, आणि दोन्ही बरोबर असतात. शब्दाला वेगळं करण्याशी मतलब आहे, ठेवलं कोणतं आणि टाकलं कोणतं याच्याशी नाही. (बाहेर पडलेला उमेदवार खड्याच्या लायकीचा असतो, असं मला म्हणायचं नाही. साम्य पद्धतीचं आहे, माणसांचं नाही.)

त्या सभागृहात बोलल्या जाणाऱ्या भाषांतही हे दोन अर्थ समोरासमोर बसलेले आहेत. जर्मन 'वेलन' हे आपल्या 'वृणीते'चं लांबचं भावंड, म्हणजे इच्छेचं, वरण्याचं. फ्रेंच 'एलिर' आणि इटालियन 'एलेज्जेरे' लॅटिनमधून आले, तिथं मूळ अर्थ वेचून बाहेर काढणं. म्हणजे जर्मन सदस्य वरतात, फ्रेंच आणि इटालियन सदस्य निवडतात, आणि चिठ्ठी एकाच पेटीत पडते. माझ्या स्नेह्यांनी जर्मनांच्या बाकावर बसावं.

आणि 'निवडून येणं' किती नेमकं आहे ते 12 डिसेंबर 2007 ला दिसलं. मंडळाचे सदस्य क्रिस्टोफ ब्लोखर पुन्हा उभे होते. 2003 मध्ये त्यांनी तिसऱ्या फेरीत 121 विरुद्ध 116 मतांनी रूथ मेट्झलर यांना हटवून जागा मिळवली होती. पदावरचा सदस्य पाडणं तिथं फार दुर्मीळ, 1848 पासून तोवर ते तीनदाच घडलं होतं आणि त्यातली एक वेळ हीच. 2007 मध्ये ब्लोखर यांच्याच पक्षाच्या, ग्राउब्युंडन कॅन्टनच्या वित्तमंत्री एव्हेलिन विडमर-श्लुम्फ यांचं नाव खासदारांनी चिठ्ठ्यांवर लिहिलं. पक्षानं त्यांना उमेदवारी दिलीच नव्हती. दुसऱ्या फेरीत 125 विरुद्ध 115. त्यांनी विचार करायला एक रात्र मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी होकार दिला. आता सांगा, इथं 'निवडणूक जिंकली' कसं म्हणणार? त्या मैदानात नव्हत्याच. उभ्या न राहता निवडून आल्या. मराठीत हे वाक्य सरळ उभं राहतं, कारण 'निवडून येणं' माणसाच्या प्रयत्नाविषयी काही सांगतच नाही.

होकार हा भाग औपचारिक नाही, हेही लक्षात घ्या. 1993 मध्ये फ्रांसिस माते 3 मार्चला निवडून आले, स्वतःच्या पक्षाचा दबाव आला आणि आठवड्यानं त्यांनी जागा नाकारली. 10 मार्चला रूथ द्राइफुस निवडून आल्या. नेमणूक असती तर माते यांना 'राजीनामा' द्यावा लागला असता. त्यांनी निवड स्वीकारली नाही, एवढंच.

लोकांनी मंडळ थेट निवडावं, असा प्रस्ताव स्विस मतदारांपुढं 1900, 1942 आणि 2013 मध्ये आला आणि तिन्ही वेळा पडला. 2013 मध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त लोक विरोधात होते. म्हणजे बातमीत 'जनतेने निवडलेले मंत्री' हेही लिहू नका.

राष्ट्राध्यक्षांचं तेवढं राहिलं. ते पद त्या सातांतल्याच एकाकडं एका वर्षासाठी येतं, लागोपाठ दुसऱ्या वर्षी तोच माणूस चालत नाही, आणि प्रथेनं पाळी आधीच ठरलेली असते. तरीही दर डिसेंबरात 246 जण चिठ्ठ्या लिहितात, मोजतात, आणि कुणाला किती मतं पडली याची दुसऱ्या दिवशी चर्चा होते. पाळीनं येतात म्हणून 'नियुक्ती' असं मला एका वाचकानं सुनावलं होतं. पाळी प्रथेची आहे, पद मतांनी मिळतं. 'राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले' असंच लिहावं.