रुळांवरचे प्रश्न : दोन कारखान्यांचे डबे, एक गाडी

प्रश्न : माझ्याकडे ओओ या मॉडेल-रेल्वेच्या मापातल्या दोन ब्रिटिश डिझेल मल्टिपल युनिट गाड्या (वेगळं इंजिन नाही, ते डब्यातच) आहेत. एक मामांनी इंग्लंडहून आणलेली लिमा कंपनीची क्लास १०१, अख्खी निळी. दुसरी बॅकमन कंपनीची क्लास १०८, निळी-करडी. दोन्ही दोन-दोन डब्यांच्या. त्या जोडून चार डब्यांची गाडी केली तर चूक ठरेल का? एका परिचितांचं म्हणणं, असं मिसळायचं नसतं. डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) एकत्र चालवल्या की एक ओढते आणि दुसरी अडते, तेही त्रासाचं झालंय. शिवाय १०१च्या मध्ये क्लास ११७चा एक डबा घालावा असं मनात आहे. (एक वाचक, ऐरोली)

जोडा, अगदी निःशंक जोडा. तुमच्या परिचितांना एखादा जुना फोटो दाखवा, बाकी काही बोलावं लागणार नाही. ब्रिटिश रेल्वेने १९५४पासून या पहिल्या पिढीच्या गाड्या स्वतःच्या डर्बी आणि स्विंडनच्या कारखान्यांत बांधल्याच, पण मेट्रो-कॅमेल, क्रेव्हन्स, ग्लॉस्टर, प्रेस्ड स्टील अशा बाहेरच्यांकडूनही बांधून घेतल्या. प्रत्येकाच्या खिडक्या वेगळ्या, तोंडवळा वेगळा. सकाळच्या गर्दीला चार डबे हवेत आणि एकाच जातीचे चार डबे हाताशी नाहीत, तर डेपो काय करणार? जे उभे आहेत ते जोडून गाडी वेळेवर काढणार. म्हणून मिसळलेली गाडी मला नेहमी जास्त खरी वाटते. ती पाहिली की त्यामागचा डेपो दिसतो, शोकेस आठवत नाही.

मिसळण्याला नियम मात्र होता, आणि तो डब्याच्या तोंडावरच रंगवलेला असायचा. नियंत्रणाची यंत्रणा सगळ्या गाड्यांत सारखी नव्हती, म्हणून प्रत्येकीला जोडणीचं चिन्ह दिलेलं होतं : निळा चौकोन, पिवळा डायमंड, लाल त्रिकोण, पांढरं वर्तुळ, नारिंगी तारा. चिन्ह जुळलं तर एका ड्रायव्हरच्या हातात सगळी गाडी. नाही जुळलं तर एकत्र चालवायचा प्रश्नच नाही. निळा चौकोन सर्वांत जास्त पसरलेला, आणि तुमच्या १०१ आणि १०८ दोघींनाही तोच आहे. ११७लाही तोच. लंडनच्या सेंट पँक्रासहून सुटणारी क्लास १२७ दिसायला ११७ची बहीण, पण आत हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणून तिला लाल त्रिकोण. ती तुमच्या १०१ला जोडलीत तर मी हरकत घेईन.

आता ११७च्या डब्याबद्दल. दोन पूर्ण संच एकमेकांना जोडणं वेगळं आणि एका संचाच्या पोटात दुसऱ्या जातीचा डबा घालणं वेगळं. पहिलं रोजचं काम होतं, गाडी संध्याकाळी पुन्हा सुटी व्हायची. दुसऱ्याला कारण लागायचं : मूळ डबा अपघातात गेला, ॲस्बेस्टॉसपायी मोडीत निघाला, किंवा जोडीचा मोटार डबा (इंजिन असलेला) दुरुस्तीत अडकला. असे संकर पुढच्या काळात बरेच झाले, पण कोणत्या डेपोत, कोणत्या साली, हे फोटो बघून ठरवा आणि मगच डब्याला हात लावा. माप आधी मोजा. आपल्या मापात १ फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १०१चा ५७ फुटी डबा २२८ मिलिमीटर आणि ११७चा ६४ फुटी डबा २५६. इंचभराचा हा फरक रुळावर लगेच जाणवतो. त्यात ११७ला प्रत्येक बाकापाशी दार आणि १०१ला मोजकी दारं. हे वेगळेपण मला आवडतं, ते लपवायला जाऊ नका.

लपवायचं आहे ते दुसरंच. दोन्ही गाड्या रुळावर लावा, खाली वाका आणि डोळा रुळाच्या पातळीला आणून पाहा. एका कंपनीचा डबा दुसरीपेक्षा किंचित उंच बसलेला दिसेल, छपराची कड पुढे सरकताना एक पायरी चढेल. ही पायरी गाडीला खेळणं करते. बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) ज्या पिव्होटवर फिरते त्याखाली पातळ प्लॅस्टिकची चकती टाकून खालचा डबा उचला आणि मग कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीची उंची पुन्हा तपासा. जोडांमधली बोटभर फटही कमी करा. काळ्या कागदाच्या बारीक घड्या घालून केलेला भाता एका डब्याला चिकटवा, दुसऱ्याला नुसता टेकू द्या, म्हणजे वळणावर फाटणार नाही. गाडीच्या दोन्ही टोकांना व्हॅक्यूमचे पाइप आणि जंपर केबल हव्यातच, या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते. धूर छपरावर नेणाऱ्या नळ्या मोटार डब्याला असतात, ट्रेलरला नाही. तिथेच छपरावर काजळी द्या, आणि दोन्ही संचांना सारखी देऊ नका. निळी आणि निळी-करडी एकत्र, म्हणजे साधारण ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तेव्हा निळी मळलेली असणार आणि निळी-करडी नुकतीच रंगवलेली.

ओढाताणीचं कारण मोटारीत आहे. तुमच्या लिमात चपटी पॅनकेक मोटार बोगीतच बसवलेली, बॅकमनमध्ये मोटार मधोमध आणि चाल एकसारखी ठेवणारं जड चाक, फ्लायव्हील, जोडलेलं. एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपले की व्हायचं तेच होतं. माझा स्पष्ट सल्ला : एकच मोटार ठेवा. चार डबे ओढायला बॅकमनची एक पुरते. लिमाच्या मोटारीच्या नुसत्या तारा सोडून भागणार नाही, गियर अडकलेले राहिले तर चाकं घासत येतात. मधला गियर काढून टाका आणि चाक बोटाने फिरवून मोकळं आहे का पाहा. मोटार काढली की डबा हलका होतो, त्यात वजन भरा. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल-रेल्वे संघटनेचा, एचओ या ओओच्या जवळच्या मापासाठीचा हिशेब, १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, आपल्यालाही चालतो : ९ इंची डब्याला साडेपाच औंस, म्हणजे सुमारे १५५ ग्रॅम. वजन चाकांच्या बरोबर वर, पण डब्याच्या तळाशी ठेवा.

दोन्ही मोटारी ठेवायच्याच असतील तर आधी सीव्ही ३ आणि ४ शून्य करा (सीव्ही म्हणजे गाडीतल्या डीसीसी चिपची क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग; ३ आणि ४ वेग हळूहळू वाढवण्या-घटवण्याच्या). दोन्ही गाड्या न जोडता एकामागे एक, हातभर अंतरावर सोडा. जी वेगवान आहे तिचा सीव्ही ५ (कमाल वेग) कमी करत आणा, हळू गाडीला पळवायला जाऊ नका. मग मधला वेग सीव्ही ६ने आणि सुटतानाचा सीव्ही २ने जुळवा. अंतर पूर्ण फेरीत टिकलं की दोघींच्या सीव्ही १९मध्ये एकच आकडा, म्हणजे जोडीचा सामाईक पत्ता, घाला, आणि जी उलट तोंडाने उभी आहे तिच्यात त्या आकड्यात १२८ मिळवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत रिले पॅनल जोडताना मला लागलेली सवय इथेही सांगते : एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे अभ्यासाच्या टेबलाएवढीच जागा आहे. मला मिसळलेली गाडी करता येईल का? (एक विद्यार्थिनी, कळवा)

येईल गं, आणि तुझ्यासाठी दुसरी पिढी सोपी. क्लास १५३ म्हणजे दोन डब्यांच्या १५५चे १९९१-९२मध्ये दोन तुकडे करून बनवलेला एकटा डबा. कापलेल्या बाजूला नवी केबिन बसवली, ती अरुंद आहे, दोन्ही तोंडं शेजारी ठेवून बघ. हा डबा १५०, १५६, १५८, अगदी बससारख्या १४२लाही जोडत. त्यांचा बीएसआय जातीचा कपलर आपोआप जुळतो, बाजूला बफर नाहीत. फक्त १६५ आणि १६६ला जोडू नकोस, त्यांचाही कपलर बीएसआयच, पण विजेची जोडणी वेगळी. १५३ ओओमध्ये फूटभर लांब होतो, म्हणून टेबलावर गोल फेरी घालायचा हट्ट नको. सरळ फलाट, एक सांधा, दोन मार्ग. एन हे लहान माप घेतलंस तर हीच गाडी जवळजवळ निम्म्या लांबीची होईल आणि टेबलावर वळणही मावेल.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या रुळांखालचा लाकडी बेस फुगतो आणि रुळांचे जोड वर येतात. काय करावं? (एक वाचक, नेरूळ)

आयएस ७१० हे मानक छापलेला मरीन प्लायच घ्या, आणि कापलेल्या कडा रुळ ठोकण्याआधी वॉर्निशने बंद करा. पाणी कडेतूनच शिरतं. दर तीन-चार रुळांनंतर जोडात कागदाच्या जाडीची फट सोडा, त्या जोडाला सोल्डर करू नका आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या. जूनच्या आधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सँडपेपर लावू नका, चरे पडले की मळ तिथेच बसतो.