आजीच्या माघारी : बी, कलम आणि वही

प्रश्न : आमची आजी मुंबईतली शिक्षिकेची नोकरी सोडून राजापूर तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला गेली आणि पडीक कुणगे (भाताची खाचरं) तिने पुन्हा लागवडीखाली आणले. सुट्टीत आलेल्या प्रत्येक नातवंडाला ती एकेक वाफा वाटून द्यायची. फाल्गुनात ती गेली. माळ्यावर लाल भाताची मुडी (पेंढ्यात घट्ट बांधलेलं भाताचं बी), कुळथाचं गाडगं आणि चिठ्ठी नसलेल्या बाटल्यांत काकडी-पडवळाच्या बिया आहेत. हे सगळं आठवण म्हणून जपायचं आहे. कसं जपावं?
– एक नात, ठाणे

उत्तर : बाटलीत शोभेला ठेवाल तर दोन-तीन पावसाळ्यांत बी मरेल. किनाऱ्यावरची दमट हवा बियाची वैरी. बी टिकवायचं तर ते पेरून नवं करत राहावं लागतं, दुसरा उपाय नाही.

आधी जीव किती उरलाय ते बघा. प्रत्येकातले शंभर दाणे (थोडंच बी असेल तर वीस) ओल्या सुती फडक्यात ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, फडकं सुकू देऊ नका. कुळीथ दहा दिवसांत, भात चौदा दिवसांत मोजा. कोंब आणि मूळ दोन्ही धड असतील तोच दाणा धरायचा. भाताचे शंभरातले ऐंशी उगवले तर उत्तम. गुंठ्याला साधारण 400 ग्रॅम बी पुरेल. साठच उगवले तर 530 ग्रॅम घ्या. चाळिसाच्या खाली गेलं तर मात्र थांबू नका, आहे तेवढं सगळं याच मृगात पेरा, पुढच्या वर्षी तेही उगवणार नाही.

पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाका. तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. धुणं टाळलंत तर मीठ उगवण मारतं.

मुडी माळ्यावर टिकायची ती खालच्या चुलीच्या धुरामुळे. आता घरात गॅस असेल तर धूर नाही, आणि बियाला सोंडे (धान्यातले किडे) लागतात. अशा घरात भात मुडीतून काढून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. वाळवण सकाळच्या उन्हात, कापडावर. तापलेल्या पत्र्यावर नको, बी भाजतं. सुकलं की नाही हे मिठाने कळतं : तव्यावर कोरडं केलेलं मीठ थंड करून मूठभर बियासोबत काचेच्या बाटलीत हलवा. दहा-पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलं तर अजून दोन उन्हं हवीत. तपासायचं बी वेगळंच ठेवा, डब्यात परत टाकू नका. कुळथाला किलोमागे 5 मिलि शेंगदाण्याचं तेल चोळा, म्हणजे भुंग्याची अंडी जगत नाहीत. भोक पडलेले दाणे पिठीला वापरा, पेरायला नकोत.

वाण शुद्ध राखणं ही वेगळी कसरत. भात आपलं आपण फळतं, शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरे. काकडी आणि पडवळाचं तसं नाही; मधमाश्या-पतंग शेजारच्या वेलाचे पराग आणतात आणि तिसऱ्या वर्षी आजीची काकडी आजीची राहत नाही. म्हणून उमलायच्या आधी नर आणि मादी, दोन्ही कळ्यांना दोरा बांधा. मादी कळीच्या मागे इवलंसं फळ असतं. काकडीचं फूल सकाळी उमलतं, पडवळाचं संध्याकाळनंतर, तेव्हा पडवळासाठी बॅटरी घेऊनच जा. नर फूल मादीवर फिरवून मादी पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत सुतळी, नाहीतर तेच फळ कोणीतरी भाजीला तोडतं! बियाची काकडी पिवळी-तपकिरी होईपर्यंत वेलावर ठेवा. गर एक-दोन दिवस आंबवून धुवा, बुडालेलं बी घ्या. चिठ्ठी नसलेल्या बाटल्यांतलं थोडंथोडं पेरलं की फळच नाव सांगेल.

प्रश्न : आजीच्या लोणच्याच्या रायवळाचं (कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचं) झाड रस्त्याच्या कामात जाणार आहे. कोय लावली तर तोच आंबा येईल का?
– देवगड तालुका

उत्तर : बहुधा नाही. कोयीतून येणारं झाड दोन झाडांचं अपत्य असतं. तोच आंबा हवा तर कोय कलम करा. जूनमध्ये कोणत्याही रायवळाच्या कोयी वाफ्यात लावा. रोप पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस असतानाच खुंट (ज्यावर कलम बांधायचं ते रोप) म्हणून घ्या. हिरवं-जून झालं की सांधा धरत नाही. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलएवढी काडी निवडा आणि कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळा फुगतो. खुंटाला चार सेंटीमीटर उभी चीर, काडीला पाचरीसारखा काप, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट. पाच झाडं हवीत तर पंधरा कलमं बांधा. सांध्याखाली आलेली फूट लगेच खुडा, नाहीतर रायवळ खुंटच वाढतो आणि वर्षभर कळतही नाही. पट्टी चार-सहा महिन्यांनी कापायला विसरलात तर तिथेच खोड आवळतं. झाड ऑगस्टपर्यंत राखता आलं तर बघा.

प्रश्न : जमीन आजीच्या नावावर होती. वारस नोंदीला घाई करावी का?
– लांजा

उत्तर : हो. तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या : मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, 7/12 आणि 8-अ. मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि हयात असतील तर आजोबा, सगळ्यांची नावं लागतात. लग्न झालेल्या मुलींना वगळून नोंद घालू नका, तिथेच पुढे वर्षानुवर्षं अडतं.

प्रश्न : वर्षश्राद्धाला आजीवर छोटी पुस्तिका काढतोय. तिची एक वहीही आहे. काय घ्यावं?
– मालवण

उत्तर : ‘प्रेमळ, कष्टाळू’ असे शब्द कमी आणि कामं जास्त. नक्षत्रांप्रमाणे मांडा : रोहिणीत धूळवाफ्याला (पावसाआधीच्या कोरड्या पेरणीला) काय पेरायची, आर्द्रात लावणी कुठून सुरू करायची, हस्तात काय झाकायची. माहिती घरात बसून विचारू नका; तिच्यासोबत लावणीला असायच्या त्या बायकांना बांधावर न्या, जागा दिसली की नावं आठवतात. तिची पायली भात भरून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा छापा, कारण पायली गावोगाव वेगळी. नातवंडांना ती कोणत्या वयात कोणतं काम द्यायची, हेही त्या-त्या नातवंडाकडूनच लिहून घ्या.

वहीचे फोटो पावसाआधी काढा, पानं लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई बिघडू शकते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. वही भिंतीला न टेकवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. पुड्या दर पावसाळ्यात बदला.