कानातल्या शिटीवर करंटचे उपचार: पैसे भरावेत का?

तुम्ही विचारलंय की आईंच्या कानात दिवसरात्र शिटी वाजते, झोप उडालीय, आणि एका क्लिनिकने करंटच्या सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, तर घ्यावं का?

आत्ता नको. मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. आधी सांगा, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढलाय का? टिनिटसच्या, म्हणजे कानात अशी शिटी वाजण्याच्या, बहुतेक पेशंटना थोडंफार कमी ऐकू येत असतं. कानाकडून येणारे सिग्नल घटले की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. अशा वेळी नीट लावून दिलेलं श्रवणयंत्रच पुष्कळांना आराम देतं. तपासणी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत किंवा नायर हॉस्पिटलमध्ये होते.

करंटमागचं विज्ञान मात्र खोटं नाही. कानाची नस मेंदूत जिथे पोचते, त्याच केंद्रात चेहरा, जबडा आणि मानेच्या संवेदनाही येतात. म्हणून दात आवळले किंवा मान वळवली की काहींची शिटी बदलते. आईंना करून बघायला सांगा. मिशिगन विद्यापीठात सुझन शोर यांच्या गटाने अशाच ९९ पेशंटवर चाचणी घेतली: कानात आवाज आणि गालावर किंवा मानेवर हलका करंट, तोही मिलिसेकंदांचा मेळ साधून. नुसत्या आवाजापेक्षा ही जोडी सरस ठरली. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने आयर्लंडच्या लेनिअर यंत्राला मंजुरी दिली. त्यात हेडफोनमधून आवाज आणि जिभेवर करंट असतो. दोन्हीकडे करंट आवाजाच्या जोडीनेच दिलाय, हे महत्त्वाचं. तेव्हा क्लिनिकला विचारा, यंत्र कुठलं, आवाज कसा जोडता, कुठल्या चाचणीच्या आधारावर? उत्तर लेखी मागा. नुसते पॅड चिकटवणार असतील तर मी माझ्या आईला तिथे नेणार नाही. घरचं टेन्स मशीनही (दुखण्यावर पॅडमधून हलका करंट देणारं) मानेच्या पुढच्या बाजूला लावू नका. पेसमेकर असेल तर मुळीच नको.

शिटी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल तर आधी ईएनटी डॉक्टरांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी.

आणि आईंची झोप कृपया दुय्यम मानू नका. टिनिटसच्या त्रासावर सर्वांत भक्कम पुरावा सीबीटी या, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा आहे. त्या फार खचल्या असतील, जगणं नकोसं झालं म्हणत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर आजच फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.