रिमेन की रिमेन्स? कर्ता शोधायचा तर विभक्ती बघा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता परदेशातल्या प्रवेशासाठी एसएटी देणार आहे. सराव करताना एका वाक्यावरून घरात वाद झाला: ‘द कलर ऑफ द टर्मरिक फिंगर्स स्टोअर्ड इन द पिट्स ऑफ हरिपूर ____ ब्राइट.’ रिकाम्या जागी ‘रिमेन’ की ‘रिमेन्स’? मुलाच्या कानाला ‘रिमेन’ बरोबर वाटतं. क्लासचे सर ‘रिमेन्स’ म्हणतात, आणि का म्हणून विचारलं तर ‘वाचन वाढव, कानाला आपोआप कळेल’ एवढंच सांगतात.

सरांचं उत्तर बरोबर आहे, सल्ला मात्र अर्धाच आहे. वाचन वाढवावंच, पण इथे मुलाचा कान कच्चा नाही. तो मराठीत चांगला पक्का तयार झालाय, म्हणूनच चुकतोय.

हेच वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या हळकुंडांचा रंग उजळ राहतो.’ राहतो कोण? रंग. आता तो वाक्यात कुठे बसलाय तेही बघा. हरिपूर, पेवं, हळकुंडं ही सगळी वऱ्हाडी मंडळी आधी येऊन गेली आणि मुख्य नाम शेवटी, क्रियापदाच्या जवळ आलं. मराठीत विशेषण आणि षष्ठीचा शब्द नामाच्या आधी येतो, त्यामुळे क्रियापदाच्या अलीकडचं मोठं नाम बहुतेक वेळा मुख्यच असतं. लहानपणापासून आपला कान तिथेच कर्ता शोधतो. इंग्रजीत गाडी उलटी चालते. ‘कलर’ सुरुवातीलाच येऊन बसतो, मग ‘ऑफ’च्या मागे सगळी वरात, आणि क्रियापदापाशी भलताच कुणीतरी उभा असतो. ‘फिंगर्स’ आणि ‘पिट्स’ ही अनेकवचनं कानात वाजत राहतात आणि मुलगा ‘रिमेन’वर खूण करतो. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम उलट वचनाची नामं पेरलेली असतात.

मग यावर उपाय मराठीतूनच काढू. शाळेत घोकलेली विभक्ती इथे कामी येते. मराठीत ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागतो, ते नाम क्रियापदाला आपलं लिंग-वचन देत नाही. सुमनने आंबा खाल्ला, सुमनने पोळी खाल्ली: सुमनला ‘ने’ लागला, तिची सत्ता गेली, क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागे गेलं. ‘रामाने रावणाला मारलं’मध्ये दोघांनाही प्रत्यय लागलेत, म्हणून क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, भावे प्रयोग तो हाच. इंग्रजीत नामावर असा शिक्का दिसत नाही, तो आपण मनात मारायचा. ‘ऑफ’नंतरच्या नामाला चा-ची-चे लावा, ‘इन’नंतरच्याला ‘त’, ‘फ्रॉम’नंतरच्याला ‘हून’. फिंगर्स म्हणजे ‘हळकुंडांचा’, पिट्स म्हणजे ‘पेवांत’. दोघेही शर्यतीतून बाद. बिनप्रत्ययाचा एकटा ‘कलर’ उरतो, म्हणून ‘रिमेन्स’.

‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘ॲज वेल ॲज’ यांच्यावर क्लासमध्ये तासभर जातो. मराठी माणसाला तो तास नकोच. ‘शंकर दोन भावांसह कास पठारावर गेला’ असंच आपण म्हणतो, ‘गेले’ म्हणत नाही. ‘शंकर आणि त्याचे दोन भाऊ’ असेल तर मात्र ‘गेले’. ‘सह’ने जोडलेला पाहुणा वचन बदलत नाही, ‘आणि’ने जोडलेला बदलतो. इंग्रजीचा नियम अक्षरशः हाच आहे.

याहून अवघड जागा म्हणजे ‘वन ऑफ द’. ‘वाई इज वन ऑफ द टाउन्स दॅट ____ ऑन द कृष्णा.’ लाय की लाइज? ‘वन’ दिसला की सगळे एकवचन लावून मोकळे होतात. मराठी करा: ‘कृष्णाकाठी वसलेल्या गावांपैकी वाई एक.’ ‘वसलेल्या’ हे विशेषण गावांना चिकटलंय, वाईला नाही. म्हणून काटेकोर नियमाने ‘लाय’. (इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे सर्रास ‘लाइज’ लिहितात, तेव्हा मुलाने लाजायचं कारण नाही.)

इथवर मराठी आपल्या बाजूने. दोन ठिकाणी ती दगा देते, तेही सांगायला हवं.

पहिली जागा ‘-ताना’ची. ‘यवतेश्वरचा घाट चढताना अजिंक्यतारा दिसतो.’ साताऱ्यात कुणालाही विचारा, वाक्य चोख आहे. ‘दिसतो’मध्ये ‘आपल्याला’ गृहीत आहे, चढणारे आपण आणि दिसणारा किल्ला, मराठीला त्याचं काही वाटत नाही. हेच इंग्रजीत नेलं की ‘क्लाइंबिंग द यवतेश्वर घाट, अजिंक्यतारा केम इनटू व्ह्यू’ होतं, आणि परीक्षक म्हणतो, किल्ला घाट चढत होता काय? इंग्रजीत अशा सुरुवातीच्या तुकड्याचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यावा लागतो: ‘क्लाइंबिंग द यवतेश्वर घाट, वी सॉ अजिंक्यतारा.’ अशा प्रश्नात आधी स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम बघायचं आणि विचारायचं, हाच चढतोय का? चारपैकी दोन-तीन पर्याय तिथेच गळतात.

दुसरी जागा ‘पेक्षा’ची. ‘महाबळेश्वरचा पाऊस सांगलीपेक्षा जास्त’ हे आपण रोज बोलतो. त्याची इंग्रजी नक्कल केली तर पावसाची तुलना अख्ख्या सांगलीशी होते. तिथे ‘दॅन दॅट ऑफ सांगली’ हवं. मनातल्या मनात ‘पेक्षा’ची फोड करून ‘सांगलीच्या पावसापेक्षा’ असं म्हटलं की ‘दॅट ऑफ’ची जागा दिसते.

थोडं परीक्षेच्या बाजूने. सध्याच्या डिजिटल एसएटीत वाचन-लेखनाचे 54 प्रश्न 64 मिनिटांत सोडवायचे असतात आणि त्यातले साधारण पाव प्रश्न व्याकरण-विरामचिन्हांचे असतात. प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसायला वेळ पुरणार नाही, तशी गरजही नाही. आधी पर्यायांकडे नजर टाकायची. ‘रिमेन, हॅव रिमेन्ड, आर रिमेनिंग, रिमेन्स’ असे चार असतील तर तीन अनेकवचनी आणि एक एकवचनी आहे. म्हणजे परीक्षक काळ विचारत नाही, वचन विचारतोय. कर्ता एकवचनी निघाला की काळाचा विचार न करता उत्तर देऊन पुढे जायचं. शिक्का मारायची पद्धत सरावात वापरून हात बसला की परीक्षेत ती नकळत होते.

ताईंनी शेवटी थोरल्या मुलीचंही विचारलंय. तिला एमबीएसाठी जीमॅट द्यायची आहे आणि कुणीतरी जुनं जाडजूड पुस्तक दिलंय, त्यात वाक्यदुरुस्तीचे शेकडो प्रश्न आहेत. ते प्रश्न तिने बाजूला ठेवावेत. पाच पर्याय आणि पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं, हा प्रकार जीमॅटच्या नव्या रूपात, म्हणजे नोव्हेंबर 2023 पासून, राहिलेला नाही, आणि जुनं रूप 2024 च्या सुरुवातीला बंद झालं. जीमॅटच्या भाषेच्या विभागात आता आकलन आणि युक्तिवादाचेच प्रश्न येतात. पुस्तक रद्दीत घालू नका मात्र. धाकट्याला कर्ता शोधायच्या सरावाला त्यातली लांबलचक वाक्यं चांगली आहेत, एसएटीपेक्षा कठीणच.