पहिल्यांदा कच्च्या माशाची सुशी खायचीय, काय मागवू?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर सुशी खायला जायचंय. आत्तापर्यंत मी कॅलिफोर्निया रोल आणि कोळंबीची निगिरी (भाताच्या छोट्या लांबट गोळ्यावर ठेवलेली कोळंबी) एवढंच खाल्लंय. कच्चा मासा म्हटलं की पोटात गोळाच येतो. शिवाय मागच्या वेळी निगिरी सोया सॉसमध्ये बुडवली तर भात सगळा वाटीत सुटला, सगळ्यांसमोर लाज वाटली. काय मागवू, कसं खाऊ?

उत्तर: लाज कसली, तसा बुडवला तर भात सुटणारच. निगिरीचा भात हलक्या हाताने वळलेला असतो, तोंडात गेला की मोकळा व्हावा म्हणून, आणि भाताची बाजू सॉसला लागली की तो सॉस पिऊन घेतो आणि मग नुसतं खारटच लागतं. त्यापेक्षा निगिरी आडवी करा, माशाची कड सॉसला जेमतेम टेकवा आणि अख्खा घास एकदम तोंडात टाका. आणि हो, हाताने खाल्ली तरी चालते, जपानातही खातात, त्यामुळे चॉपस्टिक्सचं टेन्शन घेऊ नका.

आता काय मागवायचं ते. सुशी म्हणजे कच्चा मासा हा गैरसमज आधी काढून टाका, सुशीत मुख्य असतो तो व्हिनेगर घातलेला भात. (नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी, ते वेगळं.) सुरुवात शिजलेल्यापासून करा, उनागी म्हणजे गोडसर सॉस लावून भाजलेली वाम, किंवा तामागो, म्हणजे गोडसर ऑम्लेट. मग एकच कच्चा प्रकार घ्या. माझं मत विचाराल तर ताई किंवा हिरामे घ्या, पांढरे मासे, चवीला सौम्य, वासही फार नाही. ते जमलं तर सॅमन, आणि तोरो, म्हणजे ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग, सगळ्यात शेवटी, कारण तो आधी खाल्लात तर नंतर पांढऱ्या माशाची चवच कळत नाही. उनी म्हणजे सी अर्चिन, ते पहिल्याच दिवशी नको, मऊ लगद्यासारखं असतं आणि तेवढ्यानेच बरेच जण कायमचे घाबरतात.

बाजूला आल्याचे पातळ काप येतात, गारी म्हणतात त्याला. ते सुशीवर ठेवून खायचे नाहीत, दोन प्रकारांच्या मधे खायचे, म्हणजे आधीची चव जाते. वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी पेस्ट, बऱ्याचदा शेफने माशाखाली लावलेलीच असते, तेव्हा आधी एक घास खाऊन बघा आणि मगच वरून घ्या. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, त्यात काही वावगं नाही.

प्रेग्नंट असाल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र कच्चं नकोच, शिजलेल्यावरच थांबा.

आणि मित्राला चव द्यायची झाली तर तुकडा त्याच्या प्लेटमध्ये ठेवा, तुमच्या चॉपस्टिक्समधून त्याच्या चॉपस्टिक्समध्ये देऊ नका. जपानात अंत्यसंस्कारानंतर अस्थी अशाच एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये देतात, म्हणून जेवताना तसं केलेलं बघवत नाही त्यांना.